नागपूरच्या जलाशयांची नावे : इतिहासाचे एक साधन

नदीकाठच्या नगरांचा इतिहास सामान्यतः घाट, देवालये व कोरीव लेख यांच्या आधारे लिहिला जातो. नाग नदीच्या काठी वसलेल्या नागपुरास नाशिकसारखी घाटांची समृद्धी लाभली नाही. त्याचा जलवारसा मुख्यतः तलावांत आणि तितकाच त्यांच्या नावांत साठलेला आहे.

नागपूर हे नाव नगराच्या रूढ स्थापनाकथेहून पुष्कळ जुने आहे. परंपरेनुसार गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून हे नगर वसविले. परंतु राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या इ. स. ९४० च्या देवळी ताम्रपटात ‘नागपुर-नंदिवर्धन’ या विषयाचा, म्हणजे प्रांताचा, उल्लेख आढळतो.

बख्त बुलंदानंतर चांद सुलतानाने नगरास तट बांधला व जुम्मा तलाव निर्माण केला. तटाच्या एका वेशीसही जुम्मा दरवाजा असेच नाव होते. ‘जुम्मा’ हा मुळात अरबी शब्द. पुढे मराठी लोकव्यवहारात तलाव ‘शुक्रवारी’ झाला. म्हणजे नाव पुसले गेले नाही, त्याचे केवळ भाषांतर झाले. उलट, त्याच शहरातील ‘इतवारी’ हे नाव हिंदी रूपातच टिकले. पुण्याप्रमाणे त्याचे ‘रविवार’ झाले नाही. गोंड, मुसलमान, मराठी व हिंदी भाषक यांच्या सहवासाचा हा पुरावा कोणत्याही दफ्तरातील नोंदीइतकाच मोलाचा होय.

विसाव्या शतकात या जोडनावांना वेगळे वळण लागले. जुम्मा दरवाजा ‘गांधी गेट’ झाला आणि तलाव ‘गांधीसागर’. येथे मूळ अर्थ लोपला, तथापि वेस आणि तलाव यांचे नामसाहचर्य मात्र अभंग राहिले. असे साहचर्य लोकस्मृती सहसा तुटू देत नाही.

नदीच्या बाबतीत मात्र हे घडले नाही. अंबाझरी या नावातील ‘झरी’ वाहत्या पाण्याची साक्ष देते. १८७० च्या सुमारास त्या तलावाची योजना शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी करण्यात आली. त्याच्या सांडव्याचे पाणी ज्या नाग नदीत उतरते, ती सांडपाण्याने भरत गेल्यावर बोलण्यात ‘नाग नाला’ झाली. हा बदल केवळ एका शब्दाचा नव्हे. जे पाणी ‘नाला’ म्हणून ओळखले जाते, त्याचे पात्र अरुंद करण्यास कोणाचा संकोच होत नाही. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अतिवृष्टीने अंबाझरी ओसंडला, पाणी काठच्या वस्त्यांत शिरले व प्राणहानीही झाली. समाजाने नाव बदलले असले, तरी नदीने आपला स्वभाव बदलला नव्हता.

म्हणून स्थलनामांचा अभ्यास हा केवळ व्युत्पत्तीचा विषय राहत नाही. एखाद्या नगराने आपल्या पाण्याला कोणत्या काळी कोणत्या शब्दाने हाक मारली, यावरून त्या पाण्याशी त्याचे नाते कसे होते याचाही निर्णय करता येतो.