स्वतःचीच आई आणि न संपणारी झाडं

परवा भाचीचा फोन आला. "मामा, १ भागिले ७ संपतच नाही!" म्हटलं, नाही संपत, पण १४२८५७ हेच आकडे फिरून फिरून येतात ना? मग तेवढेच लिही आणि वर रेघ मार. फोन ठेवला आणि कॉलेजातलं प्रोलॉग आठवलं.

तेव्हा मी एक साधा नियम लिहिला होता : प्रत्येक जण आपल्या आईचं मूल असतो. मग गमतीने विचारलं, स्वतःचंच मूल असलेलं कुणी आहे का? उत्तर आलं, हो! कोण ते, तर पडद्यावर आईची आई, तिची आई, तिची आई... शेवटी मशीन बंद करावं लागलं. मला वाटलं, माझंच काही चुकलं.

पण भानगड जुनी होती. १९६५ साली रॉबिन्सनने सूत्रं जुळवायची जी रीत दिली, तिच्यात एक तपासणी होती : कुठलीही गोष्ट स्वतःच्याच पोटात असता कामा नये. १९७२ च्या सुमारास मार्सेयला अलँ कोल्मेरोएर आणि फिलिप रूसेल यांनी प्रोलॉग घडवलं, तेव्हा ही तपासणी गाळली गेली. दर जुळणीला ती करायची तर वेळ फार जाई. वेग मिळाला, पण तर्कावर उभी असलेली भाषा अधूनमधून खोटं बोलू लागली.

१९८२ साली कोल्मेरोएर यांनी जे केलं ते मला फार आवडतं. तपासणी परत आणण्याऐवजी त्यांनी त्या अनंत झाडांनाच मान्यता दिली. झाड अनंत, पण त्यातल्या वेगवेगळ्या फांद्या मोजक्याच. म्हणून ते संगणकात एका वेटोळ्यात मावतं. अगदी भाचीच्या भागाकारासारखं!

पण मग 'खरं' कशाला म्हणायचं? व्हॅन एम्डेन आणि कोवाल्स्की यांचं १९७६ चं उत्तर होतं : मोजक्या पायऱ्यांत सिद्ध होईल तेवढंच. अनंताला ते पुरेना. दुसरी वाट उलटी : आधी सगळंच खरं धरा, नियमांत न बसणारं काढत जा, उरेल ते खरं. २००६ मध्ये डॅलसचे गोपाल गुप्ता, ल्यूक सायमन आणि सहकाऱ्यांनी या वाटेने प्रोलॉगचा नवा अवतार मांडला. सिद्ध करताना तोच प्रश्न पुन्हा समोर आला, तर गरगरत न बसता 'हो' म्हणायचं. सर्व्हरसारख्या, कधी थांबूच नयेत अशा गोष्टी तपासायला हे कामी येतं.

कोल्मेरोएर २०१७ मध्ये गेले. जे संपत नाही ते पाहून मी मशीन बंद केलं होतं; त्यांनी वर रेघ मारली. असो. भाचीचा गृहपाठ मात्र पूर्ण झाला.