नियम अडला तर गेम मास्टर काय करतो?

१९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या टेबलटॉप गेममध्ये गोष्ट पुढे नेणारा आणि नियमांचा निवाडा करणारा म्हणजे गेम मास्टर. व्हिडिओ गेममध्ये हे काम कोड करतो. कोडमध्ये जे नाही ते तिथे करताच येत नाही. इथे मात्र खेळाडू काहीही करायचं म्हणू शकतो.

बारामती-इंदापूरच्या आमच्या ग्रुपचा गेम मास्टर मी. आमची गोष्ट उजनीच्या काठावर घडते. समजा, एकाला ८ फुटांवरच्या होडीत उडी मारायचीय. त्याच्या पात्राची ताकद १२. २०१४ च्या नियमांप्रमाणे धाव न घेता तो ६ फूटच जाईल. मग उरलेले २ फूट?

१. आधी आकडा सांगायचा. मध्यम अवघड काम म्हणजे १५. ताकदीचा बोनस १, म्हणून २० बाजूंच्या फाशावर किमान १४ हवेत. शक्यता ३५ टक्के.
२. हुकलं तर पाण्यात पडणार, हेही आधीच सांगायचं.
३. निर्णय लिहून ठेवायचा. पुढच्या वेळी दुसऱ्यालाही तोच आकडा.
४. पुस्तक खेळ संपल्यावर उघडायचं.

फासा पडल्यावर आकडा बदलला की भांडण ठरलेलं, आणि पुढच्या वेळी खेळायला कोणी येत नाही.

मूळ नियमांची ‘एसआरडी ५.१’ ही पीडीएफ २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे. फोनमध्ये ठेवा.