संरक्षित वसा, दुभत्या जनावरांच्या आहारातील

संरक्षित वसा, दुभत्या जनावरांच्या आहारातील : गाय, म्हैस, शेळी इ. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पहिल्या पोटातील सूक्ष्मजंतूंच्या क्रियेपासून बचावून पुढील पचनमार्गात पोहोचेल अशा रीतीने तयार केलेला स्निग्ध खाद्यपदार्थ. या प्राण्यांच्या पोटाचे चार कप्पे असून पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्यास रोमंथिका म्हणतात. तेथील सूक्ष्मजंतू चाऱ्यातील तंतुमय भाग आंबवून पचवितात. त्याचबरोबर खाद्यातील तेलाचे रूपही पालटून टाकतात. त्यामुळे गाईने जे तेल खाल्ले तेच तिच्या दुधात उतरते असे नाही. संरक्षित वसेचा शोध ही अडचण ओलांडण्याच्या प्रयत्नांतून १९७० च्या सुमारास लागला. तथापि खाद्यातील तेलाचा दुधाच्या वसेशी काय संबंध आहे, हा प्रश्न भारतातील कापूस पिकविणाऱ्या प्रदेशांत त्यापूर्वीच उपस्थित झाला होता.

सरकी आणि खानदेश : तापी खोऱ्यातील काळ्या जमिनीमुळे खानदेश हा महाराष्ट्रातील कापसाचा एक प्रमुख प्रदेश ठरला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला आलेली तेजी आणि त्यानंतर वाढलेली रेल्वेवाहतूक यांमुळे येथील कापसाचा व्यापार विस्तारला. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नरडाणा (ता. शिंदखेडा, जि. धुळे), अमळनेर, धरणगाव, जळगाव ही स्थानके याच पट्ट्यात येतात. कापूस पिंजण्यापूर्वी त्यातील बी वेगळे काढावे लागते. रुई गाठी बांधून बाहेर जाई; सरकी मात्र पुष्कळशी गावातच राही व भिजवून किंवा भरडून दुभत्या जनावरांच्या आंबोणात पडे. तेल गाळण्याचा धंदा वाढल्यावर सरकीची जागा बऱ्याच अंशी तिच्या पेंडीने, म्हणजे खानदेशात ज्यास ढेप म्हणतात तिने, घेतली.

अखंड सरकीत सुमारे १८ ते २० टक्के तेल असते. कठीण टरफल व त्यावरील तंतू यांमुळे हे तेल रोमंथिकेत एकदम न सुटता हळूहळू सुटते. या अर्थाने सरकी हे काही अंशी निसर्गतःच संरक्षित असलेले खाद्य होय. सरकीने दुधाला ‘कस’ येतो हा पशुपालकांचा अनुभव या गुणाशी जुळणारा आहे.

कापूस पट्ट्याचे तूप : सरकीवर पोसलेल्या जनावरांचे तूप अधिक घट्ट असते. रासायनिक परीक्षेत त्याचा आणखी एक विशेष आढळला. तुपाची शुद्धता ठरविण्यासाठी त्याचा रायकर्ट-माइस्ल अंक काढतात. ५ ग्रॅम तुपातील बाष्पनशील व पाण्यात विरघळणाऱ्या वसाम्लांच्या उदासिनीकरणास ठराविक तीव्रतेची जितके मिलिलिटर अल्कली लागते, तितका हा अंक असतो. ब्युटिरिक अम्लासारखी लघुशृंखल वसाम्ले दुधाच्या वसेत असतात, वनस्पतिजन्य तेलांत सहसा नसतात. म्हणून कमी अंक हे भेसळीचे लक्षण मानले जाते. परंतु जनावराला तेलयुक्त खाद्य अधिक मिळाले की कासेत तयार होणाऱ्या लघुशृंखल वसाम्लांचे प्रमाण घटते आणि खाद्यातून आलेल्या दीर्घशृंखल वसाम्लांचे वाढते. परिणामी सरकीवर पोसलेल्या म्हशीचे अगदी शुद्ध तूपही या कसोटीस भेसळयुक्त ठरण्याचा संभव होता.

अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम (१९५४) व त्याखालील १९५५ चे नियम यांनुसार ठरविलेल्या मानकांत या वस्तुस्थितीची दखल घेण्यात आली. जेथे जनावरांना सरकी मोठ्या प्रमाणावर चारली जाते आणि ज्याची राज्य शासनाने तशी अधिसूचना काढली आहे, तो प्रदेश ‘कापूस पट्टा’ अशी व्याख्या करण्यात आली. महाराष्ट्रात कापूस पट्ट्यातील तुपासाठी या अंकाची किमान मर्यादा २१, तर अन्य भागांसाठी २६ ठेवण्यात आली. या सवलतीमुळे प्रामाणिक उत्पादकाला संरक्षण मिळाले. परंतु खालच्या मर्यादेचा आडोसा भेसळ करणाऱ्यासही मिळू शकत असल्याने केवळ एका अंकावर विसंबणे धोक्याचे ठरले. सदर अधिनियमाची जागा २०११ मध्ये अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाच्या अंमलबजावणीने घेतली.

रोमंथिकेतील हायड्रोजनीकरण : सरकीच्या तेलातील निम्म्याहून थोडे अधिक वसाम्ल लिनोलीक हे असंतृप्त अम्ल असते. असे असता त्यावर पोसलेल्या जनावराचे तूप मऊ होण्याऐवजी घट्ट का व्हावे, याचा उलगडा पुढे झाला. आर. रायझर यांनी १९५१ मध्ये रवंथ करणाऱ्या प्राण्यांत असंतृप्त वसाम्लांचे हायड्रोजनीकरण होते हे दाखविले. न्यूझीलंडमधील एफ. बी. शॉर्लंड व त्यांचे सहकारी यांनी १९५५ मध्ये रोमंथिकेचा खाद्यातील वसेवर होणारा परिणाम स्पष्ट केला. सूक्ष्मजंतू लिनोलीक अम्लाचे टप्प्याटप्प्याने स्टिअरिक या संतृप्त अम्लात रूपांतर करतात. शिवाय सरकीच्या तेलातील काही विशिष्ट वसाम्ले, स्टिअरिक अम्लापासून ओलेइक अम्ल बनविणाऱ्या एंझाइमाच्या कार्यात अडथळा आणतात. या दोन्ही कारणांनी वसा घट्ट होते.

संरक्षणाच्या पद्धती : संतृप्त वसा व हृद्‌रोग यांच्या संबंधाची चर्चा वाढल्यावर दुधाच्या वसेतील असंतृप्त अम्लांचे प्रमाण वाढविण्याकडे लक्ष गेले. ऑस्ट्रेलियातील राष्ट्रकुल वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन संघटनेत के. ए. फर्ग्युसन व सहकारी यांनी १९६७ मध्ये, फॉर्माल्डिहाइडाची प्रक्रिया केलेले प्रथिन रोमंथिकेत विघटित होत नाही, हे मेंढ्यांवरील प्रयोगांत दाखविले होते. त्याच संघटनेतील टी. डब्ल्यू. स्कॉट, एल. जे. कुक इत्यादींनी १९७० मध्ये तेलाच्या सूक्ष्म थेंबांवर अशा प्रथिनाचे वेष्टन चढविले. हे वेष्टन रोमंथिकेत टिकते व चौथ्या पोटातील आम्लतेत सुटते. दुधाच्या वसेत एरवी २ ते ३ टक्के असणारे लिनोलीक अम्ल या उपायाने २० टक्क्यांहूनही वर गेले.

प्रयोग यशस्वी झाला, तरी त्याचा प्रसार झाला नाही. असे दूध हवेतील ऑक्सिजनाने लवकर बिघडून त्यास उग्र वास येई; लोणी मऊ होई; टिकाऊपणासाठी ई जीवनसत्त्वाची जोड द्यावी लागे आणि खर्चही वाढे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ओहायओ येथे डी. एल. पामक्विस्ट व टी. सी. जेंकिन्स यांच्या संशोधनातून दुसरी, स्वस्त पद्धत पुढे आली. तीत वसाम्लांचे कॅल्शियम साबण बनवितात. ते रोमंथिकेतील सौम्य आम्लतेत विरघळत नाहीत व चौथ्या पोटात फुटतात. हे साबण बहुधा पामतेलापासून तयार होत असल्याने त्यांत पामिटिक हे संतृप्त अम्ल बरेच असते. असंतृप्त अम्लांचे साबण केल्यास त्यांचे संरक्षण अपुरे पडते. म्हणून या पद्धतीने दुधाच्या वसेचा प्रकार सुधारण्याऐवजी जनावराला अधिक ऊर्जा देणे हेच मुख्य उद्दिष्ट बनले.

भारतातील उपयोग : कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्था व आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ यांनी संरक्षित प्रथिने व वसा यांवर काम केले आहे. व्याल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत जास्त दूध देणाऱ्या संकरित गाईंना खाद्यातून पुरेशी ऊर्जा मिळत नाही व त्यांचे वजन घटते. अशा वेळी दररोज सामान्यतः १०० ते २०० ग्रॅम संरक्षित वसा देतात. साधे तेल अधिक दिल्यास तंतुमय चाऱ्याचे पचन मंदावते. संरक्षित वसेने हा दोष बराच टळतो. कमी दूध देणाऱ्या जनावरांस मात्र हा खर्च परवडत नाही.

महाराष्ट्रात दुधाचा दर त्यातील स्निग्धांश व स्निग्धेतर घन पदार्थ यांवरून ठरविण्याची पद्धत रूढ झाली. गाईच्या दुधासाठी अनुक्रमे ३.५ व ८.५ टक्के हे प्रमाण आधारभूत मानले गेले. या पद्धतीत वसा किती आहे याची किंमत मिळते. ती कोणत्या वसाम्लांची बनली आहे याची मिळत नाही. उपभोक्त्याच्या आरोग्यासाठी सुरू झालेले हे संशोधन अखेरीस उत्पादकाच्या हिशेबात बसेल तेवढेच गोठ्यापर्यंत पोहोचले, याचे कारण यात आहे. वसेच्या प्रकारालाही मोल देणारी दरपद्धती प्रचारात आल्याखेरीज मूळ उद्दिष्ट साधणे कठीण आहे.