अंगणात आलेली शाळा : रोमची मॉन्टेसरी बोर्डीला पोहोचली तेव्हा (धागा)

१९४५ च्या अखेरीस तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. संचालिका होत्या ताराबाई मोडक : वय ५३, मॉन्टेसरी पद्धतीचा वीसहून अधिक वर्षांचा अनुभव. खोली सज्ज, साधने सज्ज, शिक्षिका सज्ज. मात्र ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता, त्या हरिजनवाड्यातील (हा तत्कालीन शब्द) मुलांचा पत्ता नव्हता.

शाळेला मुले का येत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्यांनी जे केले, त्याचे नाव आज भारताच्या जवळजवळ प्रत्येक खेड्यात एका पाटीवर रंगवलेले आहे. त्या नावाकडे जाण्यापूर्वी थोडे मागे, रोमपर्यंत जावे लागेल.

६ जानेवारी १९०७. रोममधील सान लोरेन्झो ही मजुरांची वस्ती. तेथील चाळींची दुरुस्ती करणाऱ्या संस्थेपुढे एक अगदी व्यावहारिक अडचण उभी राहिली : आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरे जिने आणि भिंती खराब करीत. त्यांना सांभाळायला चाळीतच एक खोली देण्यात आली आणि देखरेखीसाठी डॉ. मारिया मॉन्टेसरी यांना बोलावण्यात आले. मॉन्टेसरींचे पहिले ‘बालगृह’ ते हेच. पन्नास-साठ मुले, त्यांतील बहुतेकांचे पालक निरक्षर. मुलांजवळ दिवसभर असणारी पहिली बाई पेशाने शिक्षिका नव्हती. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडेल.

मॉन्टेसरींनी या खोलीत जे पाहिले, त्यातील एक प्रसंग त्या स्वतः सांगत असत. एके दिवशी त्यांनी मुलांना नाक कसे शिंकरावे, हे शांतपणे, रुमाल हळूच काढून दाखवले. पाठ संपताच मुलांनी टाळ्या वाजवल्या. ज्या गोष्टीवरून मुलांना कायम रागावले जाई, ती त्यांना कोणीतरी प्रथमच मान देऊन शिकवली होती. पद्धतीचा गाभा लाकडी ठोकळ्यांपेक्षा येथे अधिक स्पष्ट दिसतो.

ठोकळ्यांनाही अर्थातच महत्त्व होते. मॉन्टेसरींच्या प्रसिद्ध मनोऱ्यात दहा घन असतात. सर्वांत लहान घनाची बाजू १ सेंटीमीटर, सर्वांत मोठ्याची १०. दट्ट्यापेटीतील प्रत्येक दट्ट्या केवळ स्वतःच्याच खाचेत नीट बसतो. चूक झाली की वस्तूच ती दाखवून देते, बाईंना बोलावे लागत नाही. ही योजना विलक्षण होती, पण तिला सुतारकामातील काटेकोरपणा लागत होता, आणि काटेकोरपणाला पैसा. १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय मॉन्टेसरी संघ स्थापन झाला. प्रशिक्षण व प्रमाणपत्रांची शिस्त आली. मजुरांच्या चाळीत जन्मलेली पद्धती दोन दशकांतच सुखवस्तू घरांची ओळख बनू लागली होती. १९३१ मध्ये लंडनला मॉन्टेसरींच्या उपस्थितीत बोलताना गांधीजींनी असे शिक्षण श्रीमंतांप्रमाणेच अत्यंत गरिबांच्या मुलांनाही मिळावे, अशी आशा व्यक्त केली, ती या पार्श्वभूमीवर वाचावी.

भारतात तोवर वेगळाच प्रवाह सुरू झाला होता. भावनगरचे गिजुभाई बधेका मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मॉन्टेसरींच्या लेखनापर्यंत पोहोचले आणि १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उघडले. त्यांनी पद्धती घेतली, पण सोवळ्याने घेतली नाही. लहान मुलांना काल्पनिक कथा सांगण्याबाबत मॉन्टेसरी साशंक होत्या. गिजुभाईंनी मात्र गोष्ट, गाणे, नाटक यांना बालमंदिरात मानाचे स्थान दिले. सौराष्ट्रातील मुलाला राजाराणीच्या गोष्टीपासून तोडून ‘शास्त्रीय’ करणे त्यांना मान्य नव्हते. शिस्तप्रिय मॉन्टेसरीवाद्यांना हे भेसळीचे वाटले असेल. भारतीय बालशिक्षणाला मात्र भाषा मिळाली ती याच भेसळीतून.

ताराबाई १९२३ च्या सुमारास भावनगरला आल्या. प्रार्थना समाजाच्या वातावरणात वाढलेल्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य, आणि पतीपासून विभक्त होऊन एकटीने मुलीला वाढवणाऱ्या. प्रतिष्ठेची नोकरी सोडून त्या बालमंदिरात जमिनीवर बसून काम करू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, पुढे मराठी ‘शिक्षणपत्रिका’ निघाली, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. दादरचा प्रयोग यशस्वी झाला, आणि बहुधा तेथेच त्यांना त्याची सीमाही कळली : मुले येत होती ती शिकलेल्या मध्यमवर्गाची.

१९३९ मध्ये मॉन्टेसरी स्वतः भारतात आल्या. मद्रासजवळच्या अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात त्यांच्या पहिल्या वर्गाला तीनशेहून अधिक शिक्षक जमले. त्या इटालियनमध्ये बोलत, पुत्र मारिओ इंग्रजीत भाषांतर करीत. १९४० मध्ये इटली युद्धात उतरली, मारिओंना काही काळ स्थानबद्ध करण्यात आले, आणि काही महिन्यांचा बेत लांबत लांबत १९४६ पर्यंत गेला. भारतातील मॉन्टेसरी चळवळीचा इतिहास अनेकदा या अड्यारपर्वापुरताच सांगितला जातो. ते पर्व मोठे होते, यात शंका नाही. परंतु त्या वर्गाला बसायचे तर मद्रासपर्यंतचा प्रवास हवा, सवड हवी आणि इंग्रजी हवे.

आता पुन्हा बोर्डी.

हा परिसर त्या वर्षी शांत नव्हता. मे १९४५ मध्ये झरी येथे किसान सभेच्या मेळाव्यात हजारो वारली जमले होते. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध आणि ‘लग्नगडी’ प्रथेविरुद्ध लढा पेटला होता. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे, अशी ती प्रथा. ताराबाईंचा मार्ग लढ्याचा नव्हता. तरी ज्या घरांतील मुले त्यांना हवी होती, ती घरे कोणत्या आर्थिक चरकात होती, हे ध्यानात घेतल्यावाचून शाळेतील ‘गैरहजेरी’ समजत नाही.

पालक पहाटे कामावर जात. सात-आठ वर्षांची मुलगी कडेवर भावंड घेऊन घरी राही. मुलगा गुरांमागे जाई. अंगावर धड कपडा नाही म्हणूनही मुले येत नसत. ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही’ हे नेहमीचे स्पष्टीकरण येथे फारच आळशी ठरते.

ताराबाईंसोबत होत्या अनुताई वाघ. वयाच्या तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. नंतर शिकून नाशिक जिल्ह्यात व पुण्याला शिक्षिका. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या. दोघींनी काढलेला निष्कर्ष साधा होता : मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने उठून जावे. एक मध्यवर्ती बालवाडी ठेवायची आणि रोज काही तास वस्तीतल्याच एखाद्या अंगणात मुले जमवायची. आधी आंघोळ, नखे, केस. मग गाणी, गोष्टी, खेळ. तिचे नाव पडले अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षिका थेट कुरणात गेल्या, ती कुरणशाळा. भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी भावंडांचीच सोय केली, म्हणजे पाळणाघर शाळेला जोडले. १९५७ मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत हलले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छत्राखाली आणणारी ‘विकासवाडी’ आकाराला आली.

साधनांचे काय? खडे, बिया, पाने, शंखशिंपले. येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. रंग, पोत, वजन, वर्गीकरण, मोजणी यांसाठी बिया आणि शिंपले उत्तम चालतात. परंतु एका सेंटीमीटरने वाढत जाणारा मनोरा शिंपल्यांतून उभा राहत नाही. चूक आपोआप दाखवणारी रचना बरीचशी सुटते आणि तिची जागा शिक्षिकेच्या नजरेला घ्यावी लागते. म्हणजे खर्च वाचला तो साधनांचा. माणसावरचा भार उलट वाढला. स्वस्त मॉन्टेसरी म्हणून या प्रयोगाचे कौतुक करणारे हा हिशेब सहसा मांडत नाहीत.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या गावपातळीवरील केंद्राला नाव मिळाले ‘अंगणवाडी’. आज अशी सुमारे तेरा-चौदा लाख केंद्रे आहेत. योजनेत सहा सेवा होत्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. कुपोषणाच्या देशात आहार व लसीला अग्रक्रम मिळणे स्वाभाविकच होते. पण बोर्डीच्या अंगणात जे सर्वस्व होते, ते येथे सहातील एक झाले, आणि वजनकाटा, नोंदवह्या व खिचडी यांच्या गर्दीत बहुतेक ठिकाणी मागच्या रांगेत गेले.

शिक्षिकेचे स्थानही तसेच. शंखशिंपल्यांची पद्धती जिच्या नजरेवर उभी, ती सेविका शासनाच्या लेखी ‘मानसेवी’ ठरली. तिला वेतन नाही, मानधन. सान लोरेन्झोच्या त्या पहिल्या बाईला पेशा नव्हता. येथे पेशा होता, पण त्याला त्या नावाने ओळखायची तयारी नव्हती. अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो एप्रिल २०२२ मध्ये. तोवर योजनेला ४६ वर्षे झाली होती.

अनुताई कोसबाडलाच राहिल्या. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या काळातील काम समजून घ्यायचे असेल तर त्यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक वाचावे.