पडद्यावर बिजासपूर, मुक्कामाला गोंदिया

2020 च्या नोव्हेंबरात गोंदियाचं नाव अचानक देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. ते धानाच्या भावामुळे आलं नाही, की राइस मिलच्या संपामुळेही नाही. ते आलं एका सिनेमामुळे. अमित मसूरकर दिग्दर्शित ‘शेरनी’चं चित्रीकरण शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या जंगलात चाललं होतं आणि नायिका विद्या बालन यांचा मुक्काम गोंदियात होता. मध्य प्रदेशाच्या वनमंत्र्यांशी भेटीवरून वाद झाला, तेव्हा प्रत्येक बातमीत हा मुक्कामही छापला गेला. कॅमेरा मध्य प्रदेशात, मुक्काम महाराष्ट्रात. बाहेरच्या वाचकाला ही गंमत वाटली असेल. गोंदियाच्या माणसाला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. बालाघाट ‘दुसऱ्या राज्यात’ आहे हे इथे कागदावर लक्षात ठेवावं लागतं. बाजारहाट, दवाखाना, सोयरीक यांना ती सीमा फारशी माहीत नाही.

ही सीमा तशी जुनी नाहीही. 1867 मध्ये इंग्रजांनी भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे काढून बालाघाट जिल्हा बनवला. त्याआधी आजच्या बालाघाटचा काही भाग आणि आजचं गोंदिया एकाच भंडारा जिल्ह्यात होते. पुढेही 1956 पर्यंत दोन्हींचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतातून चाले. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि बाघ व वैनगंगा या नद्यांना राज्याच्या हद्दीचं काम मिळालं. गोंदिया जिल्हा तर त्याहून तरुण आहे. 1 मे 1999 रोजी तो भंडाऱ्यातून वेगळा झाला.

हद्द पडली, पण रुळांनी ती मानली नाही. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून सातपुड्याचा चढ चढत होती. लाख, डिंक, तेंदूपत्ता, बांबू, धान असा जंगलाचा आणि शेताचा माल गोंदियाच्या बाजारात येई. डिंकाला या भागात गोंद म्हणतात आणि गावाचं नावही त्यावरूनच पडलं, असं जुनी माणसं सांगतात. गोंदिया-बालाघाट पट्टा आधी मोठ्या रुळांचा झाला. उरलेली छोटी गाडी 2015 च्या शरदात बंद पडली. सातपुड्याच्या जंगलातून धापा टाकत जाणारं ते छोटं इंजिन कुणी मोठ्या कथापटात धरून ठेवलं असतं, तर आज तो या भागाचा ठेवा ठरला असता.

‘शेरनी’ 18 जून 2021 रोजी ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर आला. त्यातली वन अधिकारी ज्या वन विभागात काम करते त्याचं नाव बिजासपूर. हे गाव काल्पनिक आहे. प्रेक्षकांना सिनेमा पाहताना आठवली यवतमाळची अवनी, म्हणजे 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री गोळी घालून मारलेली टी-1 वाघीण. म्हणजे घटनेची आठवण यवतमाळची, जंगल बालाघाटचं, मुक्काम गोंदियाचा आणि नाव या तिन्हींपैकी कुणाचंच नाही. कथापटाला असं नाव घ्यावं लागतं, त्यात गैर काही नाही. पण जंगलाने पडद्यावर काम करायचं आणि श्रेयनामावलीत मात्र दुसऱ्याच नावाने वावरायचं, हे वैनगंगेच्या खोऱ्याच्या वाट्याला पहिल्यांदा आलेलं नाही.

रुडयार्ड किपलिंगचं ‘द जंगल बुक’ 1894 मध्ये प्रसिद्ध झालं. मोगलीचं जंगल त्याने सिवनीच्या डोंगरांत आणि वैनगंगेच्या काठी ठेवलं. ही नदी सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते, बालाघाटातून वळसा घेऊन गोंदियाच्या हद्दीला लागते आणि पुढे भंडाऱ्याकडे जाते. किपलिंग स्वतः या जंगलात कधी आला नव्हता, असं त्याचे अभ्यासक सांगतात. सिनेमावालेही आले नाहीत. म्हैसूरच्या साबूला मोगली करून झोल्टान कोर्डाने 1942 मध्ये केलेला चित्रपट कॅलिफोर्नियात चित्रित झाला. 2016 चा डिस्नेचा ‘जंगल बुक’ लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत, संगणकावर उभारलेल्या झाडांमध्ये घडला. जगभरच्या मुलांच्या डोळ्यांपुढे जे भारतीय जंगल आहे, ते वैनगंगेचं नाव घेऊन परक्या मातीत उगवलेलं आहे. म्हणून ‘शेरनी’चं मोल वाटतं. या सिनेमाने नाव दिलं नाही, पण माती खरी घेतली.

त्यातही एक जागा विसरता येत नाही. कथेच्या उत्तरार्धात वाघिणीची वाट अडवणारा तांब्याच्या खाणीचा प्रचंड खड्डा दिसतो. पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेलेला तो खड्डा बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडचा आहे. हिंदुस्तान कॉपरची ही खाण 1982 मध्ये सुरू झाली आणि खुल्या खाणीचं तांबं म्हटलं की देशात तिचंच नाव आधी निघतं. पटकथेने हा अडथळा हवेतून आणलेला नाही. कान्ह्याच्या जंगलातला वाघ बालाघाटमार्गे खाली नवेगाव-नागझिऱ्याकडे, पुढे ब्रह्मपुरी-ताडोब्याकडे सरकतो. ही वाट ठिकठिकाणी खाणीने, कालव्याने, रस्त्याने कापली आहे. नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांच्या मधून तर साकोली-देवरीचा राष्ट्रीय महामार्गच जातो.

20 मे 2023 रोजी ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या, तेव्हा जिल्ह्यात आनंद झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुर्दोलीजवळ रात्री एका तरुण वाघाला मोटारीची धडक बसली. रस्त्यावरून फरफटत झाडीत शिरू पाहणाऱ्या त्या जखमी वाघाचं मोबाइलवरचं चित्रीकरण लाखो लोकांनी पाहिलं. वाघ वाचला नाही. गोंदिया जिल्ह्याच्या नावानिशी सर्वाधिक पाहिलं गेलेलं चलच्चित्र कोणतं असं कुणी विचारलं, तर दुर्दैवाने ते हेच असावं.

मसूरकरांचा या टापूशी संबंध ‘शेरनी’पुरता नाही. त्यांचा ‘न्यूटन’ 2017 मध्ये आला आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका ठरला. त्याचं चित्रीकरण छत्तीसगडमध्ये, भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा परिसरात झालं. गोंदियाहून पूर्वेला निघालेली गाडी सालेकसा, दरेकसा ओलांडून डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग गाठते आणि दुर्गहून दल्ली-राजहऱ्याचा फाटा फुटतो. म्हणजे चार वर्षांच्या अंतराने दोन गाजलेले सिनेमे गोंदियाच्या एका अंगाला आणि दुसऱ्या अंगाला तयार झाले. मधल्या जिल्ह्यात कॅमेऱ्याला दाखवण्याजोगं काही नव्हतं का? होतं, आणि भरपूर होतं.

दरेकशाचाच घाट घ्या. नागपूर ते राजनांदगाव हा लोहमार्ग 1880 च्या सुमारास मीटर गेजने सुरू झाला. पुढे 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन रुंद केला आणि मुंबई-हावड्याचा धोपट मार्ग त्यातून बनला. मैदानी धानपट्टीतून सरळ धावणाऱ्या गाडीला इथे एकदम डोंगर आडवा येतो. मग बोगदा, दोन्ही बाजूंना दाट झाडी, पावसाळ्यात जवळच कोसळणारा हाजरा धबधबा. खिडकीत बसलेल्या प्रवाशाला हे काही क्षणच दिसतं आणि अंधार होतो.

त्याच डोंगररांगेत कचारगड आहे. प्रचंड नैसर्गिक गुहांची ही जागा गोंड समाजाच्या श्रद्धेचं मूळपीठ मानली जाते. गोंडी कथेप्रमाणे काली कंकालीची तेहेतीस मुलं इथल्या गुहेत कोंडली गेली होती. दारावर महाकाय शिळा होती. पारी कुपार लिंगोने त्यांच्या सुटकेचा मार्ग शोधला. हिरासुका पाटालीर या वादकाच्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ संचारलं, त्यांनी शिळा ढकलली. मुलं सुटली आणि हिरासुका त्या शिळेखाली गेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने गोत्रं दिली, धर्म दिला. संगीताने दगड हलतो आणि वादक त्याच दगडाखाली जीव देतो, अशी कथा ज्या गुहेची आहे तिला पार्श्वभूमी म्हणून वापरणं पुरेसं होणार नाही. तिच्यासाठी वेगळा चित्रपट लागेल आणि तो गोंडी बोलणाऱ्यांनीच करायला हवा. 1980 च्या दशकात मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सोबत्यांनी या स्थानाचा शोध लोकांपुढे आणला, तेव्हापासून माघ पौर्णिमेची यात्रा वाढतच गेली. धनेगावच्या पायथ्याशी आज महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून माणसं येतात.

दक्षिणेकडे अर्जुनी मोरगाव तालुक्यात गेलं की डोंगरांऐवजी पाणी बोलू लागतं. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला. कोहळी ही तलाव बांधणारी आणि ऊस पिकवणारी जमात. चांद्याच्या गोंड राजांकडून तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे, आणि त्या उत्तेजनातून हजारो तलाव-बोड्या या पट्ट्यात उभ्या राहिल्या. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली तेव्हा हे तलाव सरकारकडे आले. ‘माजी मालगुजारी’चं लोकांनी ‘मामा’ केलं. आज शासनाच्या कागदांतही ‘मामा तलाव’ असाच शब्द असतो. कोलू पाटलाला तर लोकांनी देवच केलं. तलावाभोवतीच्या टेकडीवर कोलासूर म्हणून त्याचं ठाणं आहे.

या पाण्याला आणि रानाला लेखक भेटले, ही जिल्ह्याची खरी श्रीमंती. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावला राहिले. माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या रान जाणणाऱ्या माणसाच्या सहवासात त्यांनी पक्षी, मासे, झाडं यांची इथली नावं वेचली आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिलं. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात येऊन राहिले आणि ‘नागझिरा’ हे पुस्तक जन्मलं. माडगूळकर हे ‘सांगत्ये ऐका’सारख्या गाजलेल्या चित्रपटाचे पटकथाकार. दृश्य कसं रचायचं हे ज्याच्या हाताला ठाऊक होतं असा माणूस नागझिऱ्यात येऊन गेला. त्याने सोबत कॅमेरा आणला नाही, वही आणली. पुण्यामुंबईच्या तीन पिढ्यांनी नागझिऱ्याचं तळं आधी त्या वहीतून पाहिलं आणि मग प्रत्यक्ष.

मग इथल्या लोकांच्या करमणुकीचं काय? ती सिनेमाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली नव्हती. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दंडार, खडी गंमत, राधा हे खेळ त्या मंडईतले. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक असा बेत अनेक गावांत पिढ्यानपिढ्या चालत आला. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीने शंकरपट थांबले, तेव्हा पटाच्या गर्दीवर चालणाऱ्या नाटकांनाही झळ लागली. 2021 च्या अखेरीस बैल पुन्हा धावू लागले. नाटकाचा हंगाम दिवाळी ते होळी. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. नाटक मंडळांचं मोठं ठाणं म्हणजे गोंदिया-चंद्रपूर रेल्वेमार्गावरचं वडसा. तिथे गाव पुढारी जाऊन मंडळाची तारीख घेतात. मुंबई-पुण्याचे सिनेनट इथे पाहुणे कलाकार म्हणून येतात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रात्रींची दखल दिल्लीनेही घेतली.

या रंगभूमीवर 2022 च्या जूनमध्ये ‘झॉलीवूड’ हा मराठी चित्रपट आला. दिग्दर्शक तृषांत इंगळे, आणि पाठीशी उभे राहिलेले पुन्हा अमित मसूरकर. पडद्यावर झाडीपट्टीचे कलाकार, त्यांचीच बोली. ‘न्यूटन’ आणि ‘शेरनी’त जंगल दिसलं होतं. इथे त्या जंगलाकाठची माणसं रंग लावून उभी राहिली आणि चित्रपटाच्या नावातच झाडीचा ‘झ’ आला.

चित्रपट आला आणि गेला. झाडीपट्टीची नाटकं चालूच आहेत. धान कापून झालं, चुरणं संपलं की सडक अर्जुनी, मोरगाव, देवरीकडच्या गावांत भिंतींवर नाटकांची रंगीत पत्रकं लागतात. ध्वनिक्षेपक बांधलेली गाडी बांधाबांधावरून फिरते. पत्रकावर नाटकाचं नाव मोठ्या अक्षरात, नटांचे फोटो गोलात, आणि खाली ठळक शाईत मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा.