छायाचित्र संपादनासाठी संगणक : आधी रॅम, मग ग्राफिक्स कार्ड

छायाचित्र संपादनासाठी संगणक घेताना ग्राहकांचे लक्ष बहुधा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाकडे जाते. प्रत्यक्षात कामाचा वेग अनेकदा रॅम आणि साठवणुकीच्या वेगावर ठरतो. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच पक्की बसविलेली असल्याने ती नंतर वाढविता येत नाही. त्यामुळे मर्यादित खर्चात संगणक घेणारे छायाचित्रकार आणि विद्यार्थी यांच्यासाठी खरेदीच्या वेळचा निर्णय महत्त्वाचा ठरतो.

अ‍ॅडोबी कंपनीच्या फोटोशॉपसाठी किमान ८ जीबी रॅम आवश्यक असून १६ जीबीची शिफारस करण्यात आली आहे. ‘किमान’ क्षमतेवर सॉफ्टवेअर चालते. मात्र मोठ्या फाईलींवर काम वेगाने होईलच, असे नाही.

याचे कारण साध्या गणितात आहे. २४ मेगापिक्सेलच्या छायाचित्राची जेपीईजी फाईल मेमरी कार्डावर काही एमबी जागा घेते. संपादनासाठी ती उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलची लाल, हिरवा व निळा अशी तीन मूल्ये मोकळी होतात. ८ बिट पद्धतीत त्यासाठी सुमारे ७२ एमबी, तर १६ बिट पद्धतीत १४४ एमबी लागतात. १६ बिटमधील पूर्ण आकाराचे दहा लेअर १.४ जीबीहून अधिक जागा व्यापू शकतात. मागे घेता येणाऱ्या बदलांची नोंद, ऑपरेटिंग सिस्टीम आणि ब्राउझर यांचा भार वेगळाच.

रॅम अपुरी पडल्यास फोटोशॉप डिस्कचा तात्पुरता वापर करते. त्यास ‘स्क्रॅच डिस्क’ म्हणतात. हार्ड डिस्कवर हे काम रखडते, एसएसडीवर तुलनेने लवकर होते. म्हणून सॉफ्टवेअर आणि चालू काम एसएसडीवर, तर जुना संग्रह हार्ड डिस्कवर ठेवणे किफायतशीर ठरते.

ग्राफिक्स कार्डाची गरज कामाच्या स्वरूपावर अवलंबून असते. रंग, प्रकाश आणि आकाराच्या नेहमीच्या दुरुस्तीसाठी साधे कार्डही पुरते. मात्र, लाइटरूममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे शेकडो रॉ फाईलींमधील नॉइज काढणाऱ्यांना शक्तिशाली कार्डाचा मोठा लाभ होतो.

पडद्याकडे दुर्लक्ष केल्यास छपाईत रंग वेगळे येऊ शकतात. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असा उल्लेख असलेला पडदा एसआरजीबी श्रेणीतील सर्व रंग दाखवू शकत नाही.

जिम्प आणि डार्कटेबल ही सॉफ्टवेअर विनामूल्य असल्याने परवान्याचा खर्च वाचतो; रॅमचे गणित मात्र तेथेही लागू होते.

जुना संगणक बदलण्यापूर्वी फोटोशॉपच्या खालच्या पट्टीत ‘एफिशियन्सी’ हा पर्याय निवडून पाहावा. नेहमीच्या कामात हा आकडा वारंवार १०० टक्क्यांखाली येत असल्यास रॅम अपुरी पडत आहे, असे समजावे. अशा वेळी, सोय असल्यास, नव्या संगणकाऐवजी केवळ रॅम वाढविणे पुरेसे ठरू शकते.