जालन्याचा हापसा जगभर कसा गेला?

छत्रपती संभाजीनगर : मराठवाड्यातील गावोगावी दिसणाऱ्या हापशाच्या जन्मकथेचा एक महत्त्वाचा अध्याय तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना येथे घडला. जालना जिल्हा स्वतंत्र झाला तो 1 मे 1981 रोजी. त्यापूर्वीच येथील कार्यशाळेत तयार झालेल्या पंपाने देशाच्या पाणीपुरवठ्याला दिशा दिली होती.

मराठवाड्याची भूमी बेसाल्ट या कठीण काळ्या पाषाणाची आहे. पाणी साठते ते खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. पहार व सुरुंगाच्या साह्याने विहीर खणण्यास महिनोन्‌महिने लागत आणि दुष्काळात या उथळ विहिरी आधी आटत. साठच्या दशकात जालन्यातील चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने संकुचित हवेच्या दाबावर चालणारी वेधनयंत्रे वापरून विंधन विहिरी घेण्याचे काम हाती घेतले. या यंत्राचा हातोडा छिद्राच्या तळाशी राहून थेट खडकावर घाव घालतो आणि दगडाचा चुरा हवेबरोबर वर फेकला जातो. त्यामुळे महिन्यांचे काम दिवसांवर आले. 1967 च्या दुष्काळाच्या सुमारास युनिसेफनेही अशी यंत्रे भारतात आणली.

मात्र पाणी लागले तरी ते वर काढायचे कसे, हा प्रश्न उरलाच. त्या वेळचे बिडाचे पंप युरोप-अमेरिकेतील एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेल्या पंपांवर बेतलेले होते. आपल्याकडे एकेका पंपावर अख्खे गाव पाणी भरी. दांड्याचे खिळे झिजत, बिडाचे भाग तुटत. 1974 च्या एका पाहणीत बसवलेल्या पंपांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद आढळले. खडक फोडून मिळवलेले पाणी पायाखाली असूनही गावकऱ्यांना पुन्हा दूरची वाट धरावी लागे.

या अडचणीवर जालन्यात उत्तर शोधले गेले. बिडाऐवजी जोडकाम केलेले पोलाद आणि अनेक सांध्यांऐवजी एकाच कण्यावर फिरणारा दांडा, ही 'जालना पंपा'ची वैशिष्ट्ये. सोलापूर वेल सर्व्हिस या संस्थेने याच धर्तीवर अधिक टिकाऊ असा 'सोलापूर पंप' घडवला. दांडा व आतील सळई यांना साखळीने जोडल्याने सळई सरळ रेषेत वर-खाली होते आणि झीज कमी होते.

सोलापूर पंपाचा आधार घेऊन केंद्र सरकार, युनिसेफ आणि मद्रास येथील रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीने 'इंडिया मार्क टू' हा पंप विकसित केला. कोइमतूर परिसरात त्याच्या चाचण्या झाल्या आणि 1977-78 च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. 1979 मध्ये त्यासाठी भारतीय मानक ठरले. आराखड्यावर कोणाचाही एकाधिकार ठेवला नसल्याने अनेक कारखान्यांनी तो बनवला. सुमारे 50 मीटर खोलीवरून पाणी उपसणारा हा पंप पुढे आफ्रिकेतील अनेक देशांतही पोहोचला. नंतरच्या 'मार्क थ्री'मध्ये संपूर्ण नळ वर न काढता दट्ट्या बाहेर घेण्याची सोय झाल्याने गावपातळीवरील दुरुस्ती सुलभ झाली.

या यशाला दुसरी बाजूही आहे. जे वेधनयंत्र पिण्याच्या पाण्यासाठी आले, तेच पुढे शेतीसाठी सर्रास वापरले जाऊ लागले. विजेचे पंप बसलेल्या खोल बोअरशी हापसा स्पर्धा करू शकत नाही. पातळी खाली गेली की सुस्थितीतील हापसाही कोरडा पडतो. म्हणूनच राज्याला 1993 मध्ये कायदा करून सार्वजनिक पेयजल स्रोतापासून 500 मीटरच्या आत विनापरवानगी विहीर घेण्यास मनाई करावी लागली. पाणी उपसण्याचे तंत्र या भूमीने जगाला दिले. ते जपून वापरण्याची शिस्त मात्र अद्याप तिला अंगी बाणवायची आहे.